एका बाराचे दोघे

मुट्टनाड, दक्षिण कोडगू
१८ जून २०२२

चि. कुट्टप्पास अनेक आशीर्वाद.

घराण्याच्या स्मरणिकेत पान सत्तेचाळीसवर ‘दोन भाऊ, दोन सेना’ या मथळ्याखाली तुझा जो लेख छापला आहे, त्यातील तिसरा परिच्छेद चुकीचा आहे. पहिल्या दोन परिच्छेदांत केवळ विरामचिन्हांच्या चुका आहेत. त्या मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने दुरुस्त केल्या असून त्यांबद्दल येथे काही लिहीत नाही. तिसऱ्या परिच्छेदात तू म्हणतोस : “आम्हां जुळ्यांत मी पंचवीस मिनिटांनी मोठा. माझ्या जन्माचा बार आजोबांनी अंगणात काढला आणि तो आवाज ऐकून माचय्या घाईघाईने बाहेर आला, असे घरात गमतीने म्हणत.”

असे घरात कोणीही म्हणत नसे. मुलगा झाला की बंदुकीचा एक बार, माणूस गेले की दोन. दोन मुलगे झाले म्हणून आजोबांनी दोन बार काढले असते, तर सारे मुट्टनाड रडत टेकडी चढून आले असते. म्हणून त्यांनी दोघेही जन्मेपर्यंत वाट पाहिली आणि मग एकच बार काढला. त्या बाराला ‘माझा’ असे विशेषण तू एकट्याने लावू शकत नाहीस. आजोबांची अडचण साऱ्या गावाला ठाऊक होती आणि शाळेत आपल्याला ‘एका बाराचे दोघे’ म्हणून चिडवत, एवढे तुला आठवत असेलच.

हा लेख आताच का लिहिलास, हा माझा खरा प्रश्न आहे. पोन्नप्पा काका एप्रिलमध्ये वारले. घराण्याचा पट्टेदार, म्हणजे कर्ता, वयाने सर्वांत मोठा पुरुष असतो. काकांच्या नंतर वयाने मोठे असे आपण दोघेच उरलो आणि आपला जन्मदिवस एकच आहे. येत्या ३ सप्टेंबरला, कैलपोडूच्या शस्त्रपूजेला, सारे घराणे जमेल आणि घरातल्या बंदुका कोणाच्या हातून वाटल्या जाणार हे ठरेल. काका एप्रिलमध्ये जातात आणि मे महिन्यात तुझी पंचवीस मिनिटे छापून येतात. योगायोग म्हणून मी हे सोडून दिले असते. परंतु पलटणीच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षे लोकांच्या रजांचे अर्ज वाचलेल्या माणसाला ते जमत नाही.

आणखी एक. पाचव्या परिच्छेदात तू लिहितोस : “मला नौदलात जावे लागले.” हे वाक्य अपुरे आहे. कोणी लावले? अप्पांनी आपल्या पलटणीला स्वतःच्या हाताने पत्र लिहून दोन्ही मुलगे देऊ केले होते. ५ फेब्रुवारी १९६४ रोजी मडिकेरीच्या भरतीला आपण दोघांनी एकत्र उभे राहायचे होते. मी उभा होतो. तू मंगळूरला जाऊन नौदलात नाव घातले होतेस. तू पलटणीला घाबरून पळालास असे अप्पा म्हणत, घराण्यात सर्वांना तेच माहीत आहे, आणि कैलपोडूला अप्पांनी तुला बंदुकांच्या ओळीत कधी उभे केले नाही त्याचे कारणही तेच. ‘जावे लागले’ असे मोघम लिहून ते पुसता येत नाही.

दुरुस्तीपत्र स्मरणिका काढणाऱ्या बोपण्णाकडे महिन्याच्या आत पाठवावे.

माचय्या


मुट्टनाड
४ जुलै २०२२

चि. कुट्टप्पास आशीर्वाद.

तू तीनदा फोन केलास. मी उचलला नाही. फोनवर बोललेले नंतर नाकारता येते. विशाखापट्टणमहून येथे स्पीडपोस्ट चार दिवसांत पोहोचते.

परवा आपली धाकटी बहीण बोळ्ळम्मा गोणीकोप्पहून येऊन गेली. हातात डुकराच्या मांसाचा डबा होता, त्यामुळे ती कोणाच्या तरी बाजूने बोलायला आली आहे हे मी दारातच ओळखले. बसण्यापूर्वीच तिने सुरुवात केली.

“अण्णा, तुम्ही दोघं अजून रांगेतच आहात का? अव्वाच्या पोटात सुद्धा म्हणे एकमेकांना कोपर मारत होतात.”

“तुला कुट्टप्पाने पाठवलं?”

“मला माझ्या पायांनी पाठवलं. डबा धर. कचंपुळीचा आंबटपणा जास्त झालाय, तोंड वाकडं करू नकोस.”

“आधी हे सांग. तू आमच्यापैकी मोठा अण्णा कोणाला म्हणतेस?”

“जो समोर असेल त्याला.”

मी म्हटले, हे उत्तर नाही. त्यावर ती म्हणाली, “सत्तर वर्षं याच उत्तरावर मी दोघांकडून भाऊबीजेसारखी ओवाळणी उकळली असती, पण आपल्याकडे ती चालच नाही, बेळगावात राहिले तेव्हा कळलं काय गमावलं ते.” आणि एकटीच हसली. तिचे यजमान मराठा पलटणीत होते, तेथून तिने हे आणले आहे. हसताना तिने माझ्या टेबलावरील कागद चाळले. मी ते नंतर मोजले, सर्व होते.

जाताना मात्र तिने एक विचारले. “तू मोठा आहेस हे तुला कोण म्हणालं?”

मी म्हणालो, “माझ्याजवळ पुरावा आहे.”

“कसला? सुईण मेली, आजोबा मेले, अव्वा जाऊन पंचावन्न वर्षं झाली. शाळेच्या दाखल्यावर दोघांचा एकच वार आणि एकच तारीख. कसला पुरावा, अण्णा?”

“आहे.”

“मग सांग की.”

मी सांगितले नाही. तो पुरावा कागदावर आणण्याची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे आणि ती टाळणे तुझ्या हाती आहे. तू पंचवीस मिनिटे मागे घे; मी पुढे काहीही म्हणणार नाही. नाहीतरी ही पंचवीस मिनिटे तू कोठून आणलीस? त्या काळी घरात घड्याळ एकच होते आणि ते, युद्ध संपले तरी ब्रह्मदेशातच ठेवलेल्या अप्पांच्या मनगटावर होते. अप्पा आपल्या जन्मानंतर दोन महिन्यांनी परतले.

माचय्या


मुट्टनाड
२६ जुलै २०२२

चि. कुट्टप्पास,

तुझ्याकडून तीन आठवड्यांत एकही ओळ नाही. बोळ्ळम्मा म्हणते की तुझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मला ते तुझ्याकडून कळायला हवे होते. कोणता डोळा, हेही तिला सांगता येत नाही, म्हणून मी ही माहिती तूर्त अर्धवट समजतो.

काल बोपण्णा आला होता. चुलत्याचा नातू असला तरी मुलगा नीट बोलतो. हवाईदलात दहा वर्षे काढल्याने त्याला खाली बसलेल्या कोणाचेही भय वाटत नाही. मी त्याला कॉफी दिली आणि दुरुस्तीपत्राचे विचारले.

“काका, कुट्टप्पा काकांनी काही पाठवलेलं नाही. आणि खरं सांगू? आम्हा हवेतल्यांना तुम्ही दोघेही वरून सारखेच दिसता. एक खाकी ठिपका, एक पांढरा ठिपका.”

“ठिपका असतो तो शाईचा. माझी हरकत नोंदव.”

“नोंदवली. पण नुसती हरकत चालणार नाही. घराण्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, जो पळाला त्याच्या हातून बंदूक घ्यायची नाही. दुसरा म्हणतो, पळालेला माणूस एकाहत्तरला जहाजाच्या इंजिनखान्यात होता आणि न पळालेला कचेरीत.”

“असं कोण म्हणालं?”

“कॉफी छान झालीय, काका.”

त्याने नाव सांगितले नाही. एकाहत्तरच्या युद्धात मी कोठे होतो हे माझ्या सेवापुस्तकात स्पष्ट आहे. पलटण पुढे गेली. कचेरी मागे राहते, कारण पुढे गेलेल्यांची नावे कोणीतरी बरोबर लिहावी लागतात. त्या डिसेंबरात मी एकशे बारा नावे लिहिली आणि एकाही नावात चूक केली नाही. तरीही हे वाक्य कोणाच्या तोंडचे आहे याचा शोध मी घेत आहे. ते तुझे असेल, तर त्याची रचना मात्र चांगली आहे.

बोपण्णाने मला सांगितले की ज्याच्याजवळ पुरावा असेल त्याने तो १५ ऑगस्टपर्यंत लेखी द्यावा. नाहीतर कैलपोडूला चिठ्ठ्या टाकतील. घराण्याच्या इतिहासात पट्टेदार कधी चिठ्ठीने ठरला नाही. तशी वेळ तू माझ्यावर आणली आहेस, म्हणून आता लिहितो.

३ फेब्रुवारी १९६४ रोजी संध्याकाळी, मागल्या अंगणात, अव्वाने स्वतः मला सांगितले की मी मोठा आहे. तिचे शब्द असे होते : “तू मोठा आहेस.” त्या वेळी तेथे दुसरे कोणी नव्हते. ज्या बाईने दोघांना जन्म दिला तिच्याहून मोठा साक्षीदार नाही. ती तसे का म्हणाली, कशावरून विषय निघाला आणि पुढे काय बोलणे झाले, याचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध नाही.

हेच मी बोपण्णालाही लिहून देणार आहे. त्यापूर्वी तुला काही म्हणायचे असेल, तर या पत्राच्या उलट टपाली कळव.

माचय्या


मुट्टनाड
१२ ऑगस्ट २०२२

कुट्टप्पास,

तुझे पत्र आज अकरा वाजता मिळाले. पाकिटाचा डिंक एका बाजूने सुटलेला होता; ते वाटेत कोणी उघडले की तूच नीट चिकटवले नाहीस, हे कळवावे. अक्षर मोठे आणि ओळी खाली गेलेल्या आहेत, त्यावरून डोळा डावा असावा.

तू लिहितोस : “अव्वा मलाही तेच म्हणाली होती. ४ फेब्रुवारीला सकाळी. ती चटईवर मिरी पसरत होती, मान वर न करता म्हणाली, ‘तू मोठा आहेस. तू समुद्रावर जा. एका घरातली दोन माणसं एका खंदकात नकोत.’ आणि दिव्याची शपथ घातली, अप्पांना सांगू नकोस म्हणून. तिने मोठा म्हटलं म्हणून मी मोठा. पंचवीस मिनिटं मी घातली, लेखाला जरा उठाव यावा म्हणून. ती काढून टाक. डोळा डावा.”

मी हे पत्र चार वेळा वाचले. माझी पहिली शंका अशी की, तुला हे शब्द बोळ्ळम्माने पुरवले. दुसरी अशी की, ‘तू मोठा आहेस’ हे माझ्याच मागच्या पत्रातून उचलून तू त्याला शेपूट जोडलेस. मी बोळ्ळम्माला फोन केला. होय, मी फोन केला.

तिला विचारले, “अव्वाने कधी तुला खंदकाबद्दल काही सांगितलं होतं?”

“कसला खंदक? गाईचा गोठा तुंबलाय का?”

“कुट्टप्पाशी तुझं या महिन्यात काय बोलणं झालं?”

“डोळ्यात औषध किती थेंब घालायचं ते. अण्णा, तू बरा आहेस ना? तुझा फोन आला की मला आधी कोण गेलं असंच वाटतं.”

तिला काही माहीत नाही. ती खोटे बोलते तेव्हा लांब बोलते. मी फोन ठेवला.

हे पत्र येथेच थांबवतो. आज पाठवत नाही.


१३ ऑगस्ट

पुढे लिहितो.

वर ‘चि.’ लिहिलेले नाही. ते विसरलो असे समजू नये.

कुट्टप्पा, माझ्या मागच्या पत्रात मी अव्वाचे तीन शब्द लिहिले होते आणि पुढचे बोलणे संबंध नाही म्हणून गाळले होते. जे गाळले ते तू लिहून पाठवलेस. मिरीची चटई मी कोणाला कधी सांगितली नव्हती. मान वर न करणेही नव्हे. त्यामुळे तुझे म्हणणे खरे मानण्यावाचून मला गत्यंतर नाही आणि माझे गाळलेले आता लिहावे लागत आहे.

त्या संध्याकाळी अव्वाने मला मागल्या अंगणात बोलावले. ती मान वर न करता चटईवरची मिरी गोळा करत होती. म्हणाली, “तू मोठा आहेस. तू समुद्रावर जा. एका घरातली दोन माणसं एका खंदकात नकोत.” मी हसलो. मला वाटले, बायकांचे भय. ती म्हणाली, “तुझ्या धाकट्या काकाला मी शेवटच्या रजेत पाच दिवस जेवायला वाढलं. तो आणि तुझे अप्पा एकाच खंदकात होते. युद्ध संपल्यावर अप्पा रजेवर एकटे आले तेव्हा तुझ्या आजीने त्यांच्या मागे कोण आहे ते पाहिलं, आणि मग अप्पांकडे पाहिलं. मला तसं पाहायचं नाही.”

मी विचारले, “मग कुट्टप्पाला सांग ना.”

ती म्हणाली, “मोठ्याला आधी विचारायचं असतं.”

मी नाही म्हणालो. पलटण अप्पांची होती, आजोबांची होती; तिच्यात जो जाईल तो घरचा आणि जो समुद्रावर जाईल तो बाहेरचा, हे मला सतराव्या वर्षी चांगले कळत होते. मी तिला असेही म्हणालो की, पुन्हा हा विषय काढलास तर अप्पांना सांगेन. तिने चटईची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू घरात नव्हतास. अप्पांनी मला विचारले, “तुला काही ठाऊक होतं?” अव्वा चुलीपाशी होती आणि माझ्याकडे पाहत होती. तिने तुलाही विचारले असेल हे मला त्याच क्षणी समजले. मी अप्पांना म्हणालो, “पलटणीला घाबरला असेल. पळाला.”

हे वाक्य अप्पांचे नाही. पहिल्यांदा मी उच्चारले. अप्पांनी पुढची पंधरा वर्षे ते फक्त पुन्हा पुन्हा म्हटले आणि घराण्याने त्यांच्याकडून घेतले. माझ्या १८ जूनच्या पत्रात ‘असे अप्पा म्हणत’ अशी जी रचना आहे, ती मी जाणूनबुजून केली होती.

अव्वा सदुसष्ट साली गेली, तेव्हा तुझे जहाज बाहेर होते. जाण्यापूर्वी दोन दिवस तिने मला विचारले, “त्यांना सांगशील? कुट्टप्पाला मीच पाठवलं म्हणून?” मी म्हणालो, सांगेन. बोळ्ळम्मा बाहेर तांदूळ निवडत होती. तिला ऐकू गेले नसावे.

माझी शंका अशी होती की तू मोठेपण चोरलेस. प्रत्यक्षात अव्वाने ते माझ्यासमोर धरले, मी घेतले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने तुझ्यासमोर धरले. पहिला कोण जन्मला, हे तिलाही बहुधा ठाऊक नव्हते. तिला मोठ्या मुलाची गरज एकदाच पडली आणि तेव्हा तो कोण निघाला याला आपल्या दोघांची सेवापुस्तके साक्षी आहेत.

हे पत्र मी बोपण्णाकडे देत आहे. त्याची प्रत घराण्यातील प्रत्येक घरी जावी आणि कैलपोडूला बंदुका आणण्याआधी ते मोठ्याने वाचावे, असे त्याला सांगितले आहे. तो म्हणाला, “काका, एवढं सगळं? थोडं कमी करून वाचू का?” मी म्हणालो, एक शब्दही गाळायचा नाही. पट्टेदार म्हणून मी तुझे नाव सुचवणार आहे. घराण्याला ते मान्य होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. काही जण म्हणतील की दोन्ही म्हातारे नकोत, आणि त्यांच्या म्हणण्यात अर्थ आहे. तरी ३ तारखेला तू यावेस. गाडीत डावी खिडकी घेऊ नकोस, वारा लागेल. बोळ्ळम्मा तुला म्हैसूरच्या स्थानकावर घ्यायला मोटार पाठवणार आहे. तू आलास की मी दारात उभा असेन. तू मला काय म्हणायचे ते म्हण, लोकांसमोर म्हटलेस तरी चालेल.

स्मरणिकेच्या पुढील आवृत्तीसाठी तुझ्या लेखातील तारखा खालीलप्रमाणे दुरुस्त कराव्यात.

१४ नोव्हेंबर १९४६. छापले आहे : कुट्टप्पाचा जन्म, त्यानंतर पंचवीस मिनिटांनी माचय्याचा. हवे : दोघांचा जन्म. क्रम अज्ञात.

३ फेब्रुवारी १९६४. छापलेले नाही. घालावे : अव्वाने माचय्याला नौदलात जाण्यास सांगितले. त्याने नकार दिला.

४ फेब्रुवारी १९६४. छापलेले नाही. घालावे : अव्वाने कुट्टप्पाला तेच सांगितले. तो सकाळच्या बसने मंगळूरला गेला. (लेखात ५ फेब्रुवारी आहे. ती माझ्या भरतीची तारीख.) त्याच दुपारी माचय्या अप्पांशी खोटे बोलला.

२१ जून १९६७. छापले आहे : अव्वाचे निधन, जुलै. हवे : जून. तू समुद्रावर होतास, तार उशिरा मिळाली असणार. ही चूक तुझी धरू नये.

डिसेंबर १९७२. छापले आहे : “पुत्तरीच्या सणाला अप्पांनी मला जवळ घेतले आणि सारे विसरून गेले.” हवे : असे घडले नाही. तू युद्ध संपवून वर्षाने घरी आलास. अप्पांनी तुला पायरीवरून वर येऊ दिले नाही. भाताची नवी कणसे घेऊन सगळे आत गेले, तू बाहेर उभा राहिलास आणि रात्रीच्या बसने परत गेलास. हे तू अप्पांची लाज राखण्यासाठी लिहिले आहेस हे मला दिसते, तरी ते काढून टाकावे. मी त्या वेळी चाळीस दिवसांच्या रजेवर होतो आणि अप्पांच्या उजव्या हाताला उभा होतो.

११ ऑगस्ट १९७९. अप्पांचे निधन. तारीख बरोबर छापली आहे. तोपर्यंत मी त्यांना काहीही सांगितले नव्हते.